शी जिनपिंग: राष्ट्राध्यक्ष की सरचिटणीस?

मराठी बातम्यांत शी जिनपिंग कधी ‘राष्ट्राध्यक्ष’ असतात, कधी ‘सरचिटणीस’. बरोबर कोणतं, आणि चिटणीस अध्यक्षापेक्षा मोठा कसा, असं एका वाचकाने विचारलं आहे.

दोन्ही बरोबर, कारण ती दोन वेगळी पदं आहेत. नोव्हेंबर 2012 मध्ये शी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले आणि त्याच वेळी पक्षाच्या केंद्रीय लष्करी आयोगाचे, म्हणजे सैन्य ज्याच्या हाती असतं त्या मंडळाचे, अध्यक्षही. राष्ट्राध्यक्षपद आलं ते मार्च 2013 मध्ये. तोवर देशाचा कारभार त्यांच्या हाती आलेलाच होता.

आपल्याकडे मंडळाचा चिटणीस पत्रव्यवहार आणि इतिवृत्त सांभाळतो, म्हणून हे पद दुय्यम वाटतं. कम्युनिस्ट पक्षांत मात्र सरचिटणीस हाच सर्वेसर्वा. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची धुरा बी. टी. रणदिवे आणि पुढे नागपूरचे ए. बी. बर्धन यांनी सांभाळली, ती सरचिटणीस म्हणूनच. चीनमध्ये माओंच्या काळात पक्षाध्यक्ष हे पद सर्वोच्च होतं; 1982 मध्ये ते रद्द झालं आणि सरचिटणीस वर आला. (डेंग श्याओपिंग तेव्हा सरचिटणीसही नव्हते आणि राष्ट्राध्यक्षही. त्यांनी सूत्रं हलवली ती लष्करी आयोगाच्या अध्यक्षपदावरून.)

‘राष्ट्राध्यक्ष’ एवढंच लिहिलं की वाचकाची दिशाभूल होते ती इथे: मार्च 2018 मध्ये नॅशनल पीपल्स काँग्रेसने, म्हणजे चीनच्या संसदेने, राष्ट्राध्यक्षाला असलेली दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली. ठरावाच्या बाजूने 2958 मतं, विरोधात 2. ‘शी यांचा तहहयात सत्तेचा मार्ग मोकळा’ असे मथळे तेव्हा झळकले. पण सरचिटणीसपदाला पक्षाच्या घटनेत अशी मर्यादा कधीच नव्हती. होता तो फक्त पायंडा, आणि तो मोडला 2022 मध्ये, शी तिसऱ्यांदा सरचिटणीस झाले तेव्हा.

माझं मत असं: परदेश दौरा, शिखर परिषद, करार या बातम्यांत ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहावं, पक्षाचं अधिवेशन, धोरण आणि वारसदार यांच्या बातम्यांत ‘सरचिटणीस’च लिहावं. ‘उपराष्ट्राध्यक्ष’ या शब्दावरून तर वारसदार मुळीच ठरवू नये. 2023 पासून ते पद हान झेंग यांच्याकडे आहे आणि ते पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळातही नाहीत. वारसदाराची खूण लष्करी आयोगाच्या उपाध्यक्षपदात शोधावी. 1999 मध्ये हू जिंताव तिथे आले, 2010 मध्ये शी. दोघेही पुढे सरचिटणीस झाले. 2012 नंतर मात्र त्या पदावर एकही मुलकी नेता आलेला नाही.