आधी भरती-ओहोटी, मग कृष्णविवर

फोंडा, गोवा

अनेक आशीर्वाद.

कृष्णविवरात पडणाऱ्या माणसाचं काय होतं, हा तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं बरंचसं उत्तर बारावीच्या भौतिकशास्त्रातून काढता येतं. तू पाठवलेल्या व्हिडिओंत वर्महोल आणि कालप्रवास भरपूर आहेत, आकडेमोड कुठेच नाही. ते सगळं सध्या बाजूला ठेव आणि वही घेऊन बस.

पहिलं गणित त्रिज्येचं. मुक्तिवेगाच्या, म्हणजे एखाद्या गोलाची ओढ तोडून निसटायला लागणाऱ्या वेगाच्या, सूत्रात प्रकाशाचा वेग घाल. जी त्रिज्या येईल ती कृष्णविवराची सीमा: वस्तुमान तेवढ्यात दाबलं तर प्रकाशही सुटत नाही. सूर्याच्या वस्तुमानाला त्रिज्या येईल सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीला जेमतेम ९ मिलिमीटर. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिशेल यांनी १७८३ मध्ये याच वाटेनं विचार केला होता. पण न्यूटनच्या हिशेबात प्रकाश थोडा वर जाऊन परत खाली येतो. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या समीकरणांचं जे उत्तर कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात त्या सीमेच्या आतून बाहेर जाणारी वाटच नसते. आकडा तोच येतो, अर्थ मात्र पूर्ण वेगळा. इथे घाई करू नकोस. हा फरक नीट उमजायला वेळ लागतो, तो लागू दे.

आणि कृष्णविवर आजूबाजूचं सगळं ओढून गिळतं, हे डोक्यातून काढून टाक. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं तर आपण गारठून जाऊ, पण पृथ्वी आपल्या कक्षेत फिरतच राहील.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. मांडवीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशींची (पाणी अडवणाऱ्या झडपांची) दारं त्यावर उघडतात-मिटतात, हे तू लहानपणापासून पाहतेस. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे, तरी भरती घडवण्यात चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून जास्त. असं का? कारण भरती ओढीनं येत नाही. जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ओढीत जो फरक पडतो, त्यानं येते. ओढ अंतराच्या वर्गानं घटते, हा फरक घनानं. हे स्वतः सिद्ध करून बघ, चार ओळींचं काम आहे.

कृष्णविवरात पडणाऱ्या माणसाला ताणतो तो हाच फरक. १० सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर घे. सीमा ३० किलोमीटरवर. डोकं आणि पाय यांत २ मीटर अंतर धरलं, तर दोन्हींच्या त्वरणातला फरक पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे दोन कोटी पट येतो. माणूस सीमेपाशी पोचण्याच्या कितीतरी आधीच फाटून जाईल. आता एम ८७ या दीर्घिकेतलं (आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकासमूहातलं) कृष्णविवर घे, ज्याचं चित्र १० एप्रिल २०१९ ला जगानं पाहिलं. वस्तुमान साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं. इथे सीमेवरचा ताण इतका क्षुल्लक येतो की ती ओलांडल्याचं शरीराला कळणारही नाही. वस्तुमान वाढलं की त्रिज्याही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून सीमेवरचा ताण वस्तुमानाच्या वर्गानं कमी होतो. त्याच हिशेबात वस्तुमानाला सीमेच्या आतल्या घनफळानं भागून बघ: घनता हवेपेक्षाही कमी येते! मला आजही हे गणित करताना आनंद होतो. कृष्णविवर म्हणजे प्रचंड घनतेचा पदार्थच असणार, ही समजूत एका भागाकारात कोसळते.

ही दीर्घिका कन्या राशीत आहे. गोव्याच्या अक्षांशावरून मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला ती जवळजवळ डोक्यावर असते. किनाऱ्यावरच्या दिव्यांपासून दूर, सत्तरी तालुक्याच्या बाजूला सहा इंची दुर्बीण नेलीस तर धुरकट ठिपका दिसेल. तो प्रकाश साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. पावसाळ्याआधीच जा.

हिशेब आधी आणि दर्शन नंतर, हे या विषयात पुन्हा पुन्हा घडलं आहे. मूळचे बेंगळुरूचे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं की धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमत शांत होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, टिपल्या, आणि त्यांच्या शेवटी तसंच विरत जाणारं कंपन होतं. ती नोंद सर्वांसाठी खुली आहे. थोडी पायथॉन ही संगणकभाषा शिकलीस तर तिचा आलेख तुला घरी काढता येईल. माझ्या मते दहा व्हिडिओंपेक्षा त्यातून जास्त कळेल. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही तशीच वेधशाळा होते आहे, तिला माणसं लागणार आहेत.

कॉलेजची काळजी करू नकोस. बी.एस्सी. गोव्यात राहूनही चांगली होते, पुढे आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा आहे. कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित मात्र आतापासून रोज कर.

आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे. त्याच्या सीमेवर माणूस टिकेल का? हिशेब करून पाठव, प्रत्येक पायरीला एककं लिहून.

तुझा,
सर