विषाणू फुटण्याआधीचे चित्र

प्रश्न : क्ष-किरण लेसरने एकट्या विषाणूचे चित्र घेता येते, परंतु त्या झोतात विषाणू नष्ट होतो, असे वाचनात आले. मग ते चित्र नेमके कशाचे? आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चित्र अखंड विषाणूचेच असते. क्ष-किरणांच्या माऱ्याने अणूंमधील इलेक्ट्रॉन उडतात आणि उरलेले धनभारित अणू एकमेकांना दूर लोटू लागतात, हे खरे. परंतु अणू जड असल्यामुळे जागचे हलायला त्यांना थोडा वेळ लागतो. झोत त्याआधीच संपला, तर विखुरलेल्या किरणांत मूळ रचनेची नोंद उतरलेली असते. ही कल्पना गणिताच्या आधारे २००० साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या यानोश हायदू आणि सहकाऱ्यांनी मांडली, तेव्हा एवढा प्रखर आणि अल्पजीवी क्ष-किरण झोत देणारे यंत्र कुठेच नव्हते.

ते यंत्र २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत सुरू झाले आणि २०११ मध्ये त्यावर घेतलेली मिमिव्हायरस या आकाराने मोठ्या विषाणूची चित्रे प्रसिद्ध झाली. विषाणूंची बारीक फवार निर्वात पोकळीत सोडून तिच्यावर सुमारे ७० फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) झोत टाकले होते. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील केसाच्या जाडीहून कमी अंतर कापतो. विषाणू नेमका झोतासमोर येणे हा मात्र योगायोगाचा भाग असतो, त्यामुळे बहुतेक झोत रिकामे जातात.

मिमिव्हायरसची निवड सोयीची होती. त्याचे कवच सुमारे ४५० नॅनोमीटर रुंद असल्याने भरपूर किरण विखुरले जातात. शिवाय अंगावरच्या दाट तंतूंमुळे नेहमीच्या क्ष-किरण पद्धतीला लागणारे त्याचे स्फटिक बनत नाहीत, आणि एवढ्या जाड कणातून इलेक्ट्रॉन सरळ आरपार जात नाहीत. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. उरलेले निम्मे असे, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी गोठवतात तसा या पद्धतीत नमुना गोठवावा लागत नाही.

येथे ‘चित्र’ हा शब्द जरा सैलपणेच वापरला जातो, हे सांगायला हवे. संवेदकावर उमटते ती विवर्तन-आकृती, म्हणजे विखुरलेल्या लहरी एकमेकींत मिसळून बनलेली नक्षी. तीत किरणांची तीव्रता नोंदली जाते, परंतु लहरींची कला, म्हणजे लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर होती ही माहिती, हरवते. ती संगणकाने पुन्हापुन्हा अंदाज सुधारत शोधावी लागते, आणि तेव्हा कुठे विषाणूचा आकार दिसू लागतो. २०११ च्या चित्रांतील तपशील सुमारे ३२ नॅनोमीटरपर्यंतचा होता.

त्रिमितीय रचनेसाठी अडचण आणखी वाढते. एका कणापासून एकच आकृती मिळते, म्हणून एकसारख्या अनेक कणांच्या आकृत्या जुळवाव्या लागतात, आणि प्रत्येक कण झोतात शिरताना कोणत्या बाजूला कललेला होता हेही त्या आकृत्यांवरूनच ताडावे लागते. २०१५ मध्ये १९८ आकृत्यांवरून मिमिव्हायरसची त्रिमितीय प्रतिमा तयार झाली, पण तिची विभेदनक्षमता (वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान तपशील) सुमारे १२५ नॅनोमीटरच होती. पुढे सुमारे ७० नॅनोमीटरच्या पीआर७७२ या जीवाणुभक्षक विषाणूवर याहून कितीतरी सूक्ष्म तपशील मिळाला. तरीही अणू वेगवेगळे दिसावेत ही मजल एकट्या विषाणूच्या बाबतीत या पद्धतीने अद्याप गाठलेली नाही, आणि लहान, एकसारख्या विषाणूंसाठी गोठवलेल्या नमुन्यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच आज निर्विवादपणे पुढे आहे. हॅम्बुर्गजवळचा युरोपीय क्ष-किरण लेसर २०१७ पासून सेकंदाला २७,००० पर्यंत झोत देऊ शकतो. त्यामुळे आकृत्यांची संख्या वाढवणे सोपे झाले आहे, मात्र लहान कणाकडून येणारा संकेत मुळातच क्षीण असतो आणि झोतांची संख्या वाढली तरी त्या एका आकृतीतला संकेत वाढत नाही.