ओनेगिनवर पेपर लिहायचा आहे, पण नवीन काय लिहू?

प्रश्न : मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रशियन कवी पुश्किनच्या 'एव्गेनी ओनेगिन' या पद्य कादंबरीवर शोधनिबंध द्यायचा आहे. रशियन येत नाही, गावात वाचनालय नाही, सगळं मोबाइलवर वाचते. जो लेख उघडावा त्यात नायक ओनेगिन म्हणजे 'अनावश्यक माणूस', समाजात कुठेच न बसणारा शिकलेला तरुण, एवढंच. दिवाळीनंतर आईसोबत कापूस वेचायलाही जावं लागतं. मॅडम, मी वेगळं काय लिहिणार?
– एक विद्यार्थिनी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, 'अनावश्यक माणूस' सध्या बाजूला ठेव. हा शब्दप्रयोग रूढ झाला तो रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या १८५० च्या कथेनंतर, आणि ओनेगिन तर १८३३ मध्येच पूर्ण छापून आली होती. तू तिसरा अध्याय काढ, ३९वं कडवं.

ओनेगिन आल्याचं कळताच नायिका तात्याना, जमीनदाराची मुलगी, बागेत पळते, बाकावर कोसळते. सगळे लेख तिच्या काळजाची धडधड सांगतात. पण त्याच बागेत घरच्या मोलकरणी फळं तोडताहेत आणि हुकमाने एका सुरात गाताहेत. हुकूम का? तोंड गाण्यात गुंतलं की मालकाचं फळ चोरून खाता येत नाही. पुश्किन हे कंसात सांगतो आणि पुढे जातो. तू जाऊ नकोस. दिवसभर ओटीत दुसऱ्याचा कापूस भरून किलोमागे पैसे घेणाऱ्या बाईच्या लेकीला हा कंस दिसायलाच हवा.

मग त्या पोरींचं गाणं येतं : एखाद्या तरुणाला गाण्याने भुलवून जवळ आणू आणि चेऱ्यांनी, रासबेऱ्यांनी मारू. जे तोंडात घालायची मनाई, तेच गाण्यात उधळायचं! शिवाय कादंबरीचं कडवं ठरीव १४ ओळींचं असताना हे गाणं त्या साच्यात बसवलेलं नाही. नायिकेचं पत्र आणि नायकाचं पत्र, यांनाही पुश्किनने तसंच मोकळं सोडलं आहे. मालकाच्या मुलीला जी मोकळीक, तीच बागेतल्या मोलकरणींना. माझ्या मते तुझ्या पेपरचा कणा हाच.

आता याच नजरेने बाकीच्या जागा वेच. दुसऱ्या अध्यायात ओनेगिन आपल्या भूदासांची, म्हणजे मालकीच्या शेतकऱ्यांची, वेठ बंद करून हलका खंड लावतो, तर शेजारचे जमीनदार त्याला धोकादायक ठरवतात. तात्यानाची आई हिशेब ठेवते, माणसं सैन्यात धाडते, शनिवारी न्हायला जाते आणि रागात मोलकरणींना मारते. सगळं एका दमात, जणू सारखंच. तात्याना प्रेमाबद्दल विचारते तेव्हा म्हातारी दाई सांगते की तेराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. ते वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं.

एक मात्र सांभाळ. त्या पोरी मजूर नाहीत, मालकीची माणसं आहेत. रशियातली भूदासप्रथा १८६१ मध्ये संपली. तुझी आई वेचताना गाते ते कोणाच्या हुकमाने नाही. हा फरक पेपरात स्पष्ट लिही, दोन्ही गोष्टी एक करू नकोस.

मोबाइलवर हेन्री स्पॉल्डिंगचा १८८१ चा इंग्रजी अनुवाद फुकट मिळतो. तो आधी सलग वाच, समीक्षा नंतर. उताऱ्यांसाठी जमलं तर कॉलेजमार्फत कादंबरीकार नाबोकोव्हचा १९६४ चा अनुवाद मागव. त्याने यमकं सोडून अर्थ धरला आहे आणि टिपा भरपूर दिल्या आहेत. मूळ भाषा येत नाही हे पहिल्याच पानावर लिही आणि नादाबद्दल एकही विधान करू नकोस. संदर्भ पानाचा नको, अध्याय आणि कडव्याचा दे, म्हणजे दुसऱ्या अनुवादातही शोधणं सोपं जाईल. रशियन समीक्षक बेलिन्स्कीने या कृतीला रशियन जीवनाचा ज्ञानकोश म्हटलं, ते सुरुवातीलाच घे आणि विचार की त्या ज्ञानकोशात राबणाऱ्यांना किती ओळी मिळाल्या. त्या ओळी स्वतः मोज, आणि गाइडकडे जाताना तो तक्ता घेऊन जा.