राहिलेले अध्याय भरून काढायचे का?

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. मी कसबा बावड्यात राहते, गोकुळ शिरगावला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरात सासूबाई, मिस्टर, मुलगा चौथीत. एक जानेवारीला मोबाईलवर वर्षभरात बायबल पूर्ण करायचा प्लॅन लावला, उत्पत्ती तर गोष्टीसारखं वाचलं, मग निर्गमच्या शेवटी निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू झाली आणि यज्ञांच्या नियमांच्या पुढच्या पुस्तकात, लेवीयमध्ये, गाडी रुतलीच. आता ७० च्या वर अध्याय बाकी दाखवतंय, रोज रात्री नोटिफिकेशन येतं आणि मी ते बाजूला सारते, खरं सांगायचं तर बायबल उघडायचीच भीती वाटायला लागलीय. उपासनेत पाळकांनी होशेय काढा म्हटलं की मी अनुक्रमणिका बघते आणि शेजारणीला दिसू नये म्हणून हात आडवा धरते. बाकीच्या बायका पहाटे चारला उठून वाचतात म्हणे. माझा विश्वासच कमी आहे का? आणि हे राहिलेले अध्याय कसे भरून काढू?

उत्तर : सलाम गं. आधी शेवटचं सांगते, कारण तेच तुझ्या छातीवर बसलंय. भरून काढू नकोस. एकही नाही. तो प्लॅन आज रात्रीच मोबाईलवरनं काढून टाक. मान्नाची, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देव द्यायचा त्या अन्नाची, गोष्ट तू जानेवारीतच वाचलीयस, निर्गमचा १६ वा अध्याय, रोजचा रोज गोळा करायचा, आणि ज्यांनी सकाळपर्यंत शिल्लक ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. पण काल ज्यानं गोळा केला नाही त्यानं आज कालचा धरून दुप्पट आणावा असं तिथं कुठंच लिहिलेलं नाही. आजचा आज मिळतो, झालं.

आणि तू अकाउंट्सवाली, हिशेब तूच कर. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, भागिले ३६५, म्हणजे रोजचे तीनच्या वर. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० संपले की महिन्याभरात लेवीय येतं, म्हणून फेब्रुवारी लागला की कितीतरी घरांत हेच होतं. त्याचा विश्वासाशी काय संबंध? लेवीय मला स्वतःला फार आवडतं, पण ते नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातलं, इब्री लोकांस पत्र शेजारी उघडून सावकाश वाचायचं पुस्तक आहे, रात्री साडेअकराला टार्गेट गाठायला नव्हे.

माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षराखाली बोट ठेवून वाचायची आणि दमायची. म्हणून संध्याकाळी मी तिला स्तोत्रातली दोन वचनं वाचून दाखवायची, दोनच. सकाळी चुलीपुढं परातीत भाकरी थापताना तिचं तेच चालू असायचं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, थाप थाप थाप, भाकरी तव्यावर, वरनं पाण्याचा हात, मला काही उणे पडणार नाही, की पुढचा गोळा. सात-आठ भाकरी होईपर्यंत एकच वचन. डब्यातलं पीठ कधी कधी तेवढंच उरलेलं असायचं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मला वाटायचं ही नुसती सवयीनं पुटपुटते. बऱ्याच वर्षांनी संडेस्कूलच्या ट्रेनिंगला समजलं की पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करतो असं जे म्हटलंय तिथं मूळ हिब्रू शब्द हागा असा आहे, आणि त्याचा अर्थच मुळी तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावलाय आणि पारव्याच्या घुमण्यालाही. मी त्या दिवशी घरी येऊन आईचे पाय धरले. मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं असं आपण धरून चालतो, तर ओठ हलायला पाहिजेत गं! प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात तो इथिओपियाच्या राणीचा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता ते फिलिप्प नावाच्या प्रचारकाला धावता धावता ऐकू गेलं, म्हणजे तो मोठ्यानं वाचत होता, आणि मला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार असं सरळ कबूलही करून मोकळा झाला.

तर तू मार्कचं शुभवर्तमान घे. १६ अध्याय आहेत, येशूच्या चार चरित्रांत सगळ्यात छोटं. रोज अध्याय नको, एक परिच्छेद, मोठ्यानं, दोनदा. हातात पेन्सिल पाहिजे. लगेच, लागलाच, तत्काळ असं जिथं येईल तिथं खाली रेघ मार, मूळ ग्रीकमध्ये हा शब्द मार्कात चाळीसेक वेळा येतो, रेघा मारायला लागलीस की त्याचा वेग आपोआप कळेल. पहिल्या अध्यायातला तो एक दिवसच बघ. येशूनं सभास्थानात शिकवलं, अशुद्ध आत्मा लागलेल्याला सोडवलं, तिथनं आपला शिष्य शिमोन याच्या घरी तर त्याची सासू तापानं पडलेली, तिला हात धरून उठवलं, सूर्य मावळल्यावर अख्खं गाव दाराशी. आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच प्रभू उठून एकांतात प्रार्थनेला गेला, तर तिथंही शिमोन शोधत आलाच, सगळे तुझा शोध करतायत म्हणून. तुझं वाचन चालू असताना मुलगा मम्मी माझा मोजा कुठाय म्हणून आला ना, की हे आठव. मला या जागेचा फार आधार वाटत आलाय.

चारला उठू नकोस. दिवसभर आकडे बघायचे असतात तुला. डबे भरून झाल्यावर कुकर गार होईपर्यंत जी दहा मिनिटं मिळतात ती घे, रोज तीच. दोनशे पानी वही कर, तारीख टाकून एक ओळ काय दिसलं ती आणि एक ओळ काय कळलं नाही ती, ही दुसरी ओळ रविवारी पाळकांना दाखव. मग त्यातलं एक वचन तोंडात घेऊन घराबाहेर पड, के.एम.टी.च्या बसनं जातेस का गाडीवरनं ते लिहिलं नाहीस, पण पुटपुटायला दोन्हीकडं जमतं. एखादा दिवस चुकला तर वहीत जागा सोडायची नाही, त्याच परिच्छेदापासनं पुढं.

अनुक्रमणिका खुशाल उघड, हात कशाला आडवा धरायचा? होशेय दानीएलच्या लगेच पुढं, तिथनं मलाखीपर्यंत छोटे बारा संदेष्टे. आणि मार्क झाला की रूथ, चारच अध्याय, सातूच्या कापणीच्या दिवसांतलं, सासू-सुनेचं. ते सासूबाईंना वाचून दाखव.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, शाहूपुरीत राहतो. घरातल्या जुन्या बायबलची भाषा जड वाटते म्हणून मोबाईलवर सोपं भाषांतर वाचतो, तर आजोबा म्हणतात ते खरं बायबलच नव्हे. काय करू?

उत्तर : आजोबांचं भाषांतरही कधीतरी नवंच होतं रे. मराठी नवा करार बंगालातल्या सेरामपूरला १८११ मध्ये छापला, तोही मोडी लिपीत, तो आज तुझ्या आजोबांनासुद्धा वाचता यायचा नाही. पंडिता रमाबाई तर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून शेवटपर्यंत तेच काम केलं, १९२२ ला त्या गेल्या आणि अख्खं बायबल १९२४ ला बाहेर आलं. सोप्या भाषेसाठी एका बाईनं एवढं केलंय, त्यामुळं तू बिनधास्त वाच. फक्त वाचताना मोबाईलचं नेट बंद ठेव, नाहीतर दोन वचनांत कुणाचं तरी स्टेटस येतं.

आणि आजोबांशी वाद घालू नकोस. संध्याकाळी त्यांच्याजवळ बस, एक वचन त्यांच्या बायबलातनं त्यांना वाचायला सांग, तेच तू तुझ्यातनं वाच, आणि जिथं दोघांचा शब्द वेगळा येईल तिथं थांबून त्यांना विचार की हा शब्द तुमच्याकडं असा का आहे.