‘मीच बांधलं’ असं लिहून देऊ का?

प्रश्न : मी एका खासगी मानसिक रुग्णालयात तीन वर्षांपासून अटेंडंट आहे, ठेकेदारामार्फत. रात्रपाळीला पुरुषांच्या वॉर्डात आम्ही दोघंच असतो. डॉक्टर फोनवर. गेल्या महिन्यात एक रुग्ण शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या अंगावर धावून गेला. आम्ही त्याला धरलं. इन्चार्जना फोन केला, ते म्हणाले, ‘बांधून ठेवा, सकाळी बघू.’ तासाभरात तो शांत झाला, पण दोघांनी बत्तीस जणांकडे बघायचं म्हणून आम्ही त्याला सोडलं नाही. सकाळी मनगट सुजलं होतं, एक्स-रेत फ्रॅक्चर निघालं. आता मॅनेजर म्हणतात, ‘मी कुणाला न विचारता स्वतःच्या मर्जीने बांधलं, असं लिहून दे. प्रकरण इथेच मिटेल.’ रुग्णाच्या बहिणीचे मला फोन येतात. त्या रात्रीचा दीड मिनिटाचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे. मॅडम, सही करू का? मला अटक होईल का? आणि पुन्हा बांधायला सांगितलं तर काय करू?

उत्तर : सही करू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मालकाला किंवा मॅनेजरला लिहून दिलेल्या कबुलीला मात्र ते संरक्षण नाही. ती तुम्ही राजीखुशीने दिली असं न्यायालयाला वाटलं, तर ती तुमच्याच विरोधात वाचली जाते. शिवाय ‘प्रकरण मिटेल’ हे सांगणारे मॅनेजर कोण? हाड मोडलं ते रुग्णाचं. तक्रार करायची की नाही हे तो आणि त्याच्या घरचे ठरवतील. त्या कागदाने एवढंच होईल, की रुग्णालयाच्या अंगावरचं सगळं तुमच्या एकट्याच्या अंगावर येईल.

आता कायदा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातलं कलम ९७ तुमच्या रोजच्या कामाचं कलम आहे, आणि अटेंडंटच्या नोकरीत ते कुणी वाचून दाखवत नाही. रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायला त्यात पूर्ण मनाई आहे. बांधायचं असेल तर दोन अटी, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात : त्याला किंवा इतरांना तत्क्षणी इजा होण्याचा धोका असून तो टाळायला दुसरा मार्गच नाही, आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने परवानगी दिली आहे. धोका टाळण्यासाठी लागेल त्याहून एक मिनिटही जास्त बांधायचं नाही. का बांधलं, कसं बांधलं, किती वेळ, याची नोंद लगेच केस पेपरवर झाली पाहिजे, आणि ती होते की नाही हे बघण्याची जबाबदारी कायद्याने प्रमुख डॉक्टरवर टाकली आहे, तुमच्यावर नाही. शिक्षा म्हणून किंवा धाक दाखवायला बांधता येत नाही. आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणासाठी बांधता येत नाही, हे कलमात स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे.

म्हणजे ‘दोघांत बत्तीस’ हे तुमचं कारण माणूस म्हणून मला पटतं, कायद्यात ते बसत नाही. पण त्याचा रोख आधी रुग्णालयाकडे जातो : रात्री दोनच माणसं ठेवायचं ठरवलं कुणी? तमिळनाडूत एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी निवासात आग लागली, तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांचा होरपळून जीव गेला. आज कलम ९५ साखळीला कोणत्याही स्वरूपात पूर्ण बंदी घालतं. बांधलेल्या माणसाला रात्री काही झालं तर त्याला स्वतःला उठून पळताही येत नाही, म्हणून मी या बाबतीत जरा कडक बोलते. राग मानू नका.

तुमच्या त्या रात्रीचे मी दोन भाग करते. पहिला भाग, तो धावून आला आणि तुम्ही त्याला धरलं. इथे तुमची बाजू भक्कम आहे. वेडाच्या भरात केलेलं कृत्य हा करणाऱ्याचा गुन्हा ठरत नाही, तरी त्याच्यापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क शाबूत राहतो, असं भारतीय न्याय संहितेचं कलम ३६ सांगतं. जरूर तेवढाच जोर लावायचा, एवढीच मर्यादा. आजोबांना वाचवायला धरलं, यात गैर काही नाही. दुसरा भाग, तो शांत झाल्यानंतर सकाळपर्यंतचे तास. धोका संपला तिथे बचावाचा हक्कही संपला. त्या तासांबद्दल ‘वरून सांगितलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. नोकरीतला हुकूम बेकायदा कृत्याला कायदेशीर करत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट निसटली आहे : हे ‘इन्चार्ज’ कोण? मानसोपचारतज्ज्ञ, ब्रदर (पुरुष नर्स), की प्रशासनातले कुणी? ते त्या रुग्णावर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ असतील, तर निदान परवानगी होती असं म्हणता येईल. ब्रदर असतील तर परवानगीच नव्हती, आणि प्रश्न असा निघेल, की रात्री डॉक्टरांऐवजी त्यांना फोन करायची पद्धत कुणी पाडली. त्या रात्रीच्या कॉलची नोंद फोनमधून पुसली जाण्याआधी जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर काही आलं असेल तर तेही.

अटकेचं विचारलंत. फ्रॅक्चर ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. निष्काळजीपणामुळे ती झाली असं ठरलं तर न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात तसं बजावलं आहे. अशा वेळी सहसा हजर राहण्याची नोटीस येते. आली तर जा, पण वकिलाशी बोलून जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कामगार म्हणून किंवा उत्पन्नाच्या निकषावर तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो.

मॅनेजरना उत्तर द्या, पण दोन ओळींचं : ‘कुणालाही न विचारता बांधले हा मजकूर खरा नाही, म्हणून मी त्यावर सही करू शकत नाही. चौकशी झाल्यास सक्षम अधिकाऱ्यांपुढे माहिती देईन.’ तारीख घाला, पोच घ्या. पोच देत नसतील तर ईमेल करा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. सगळी हकिकत मात्र वेगळ्या कागदावर आजच लिहून काढा, कारण महिन्यानंतर वेळा आठवत नाहीत. किती वाजता धरलं, फोन कधी केला, तो कधी शांत झाला, दुसरा अटेंडंट कुठे होता. सोडलं नाही, हेही लिहा. तो कागद तुमच्या वकिलासाठी आहे, मॅनेजरसाठी नाही.

व्हिडिओचं ऐका. कुणाला पाठवू नका : बहिणीला नाही, मित्रांच्या ग्रुपवर नाही, पत्रकाराला तर नाहीच. उपचार घेणाऱ्या रुग्णाचे फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे कलम २४. आणि ते मोबाइल-इंटरनेटलाही लागू आहे. घाबरून तो डिलीटही करू नका, पुरावा नष्ट केला असा आरोप त्याहून वाईट. कापाकापी न करता मूळ फोनमध्ये आहे तसा राहू द्या. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने, पोलिसांनी किंवा न्यायालयाने लेखी मागितला की द्यायचा. यापुढे वॉर्डात रुग्णाचं शूटिंग करू नका, हेही सांगून ठेवते.

बहिणीचं. त्यांना टाळू नका, पण रात्रीची सगळी कथा फोनवरही सांगू नका. त्या रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधी (म्हणजे या कायद्याखाली रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेली व्यक्ती) आहेत का, एवढं विचारा. असतील तर बांधल्याची माहिती २४ तासांत त्यांना कळवणं रुग्णालयाला बंधनकारक होतं. रुग्णाला स्वतःचे उपचारांचे कागद मागता येतात, आणि रुग्णाच्या वतीने त्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, म्हणजे रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करू शकतात. त्याला फी नाही. हे हक्क कायद्यातच लिहिलेले आहेत, ते सांगण्यात तुमच्याकडून कुठलीही गुप्तता मोडत नाही.

मंडळाकडे जाता येणाऱ्यांच्या यादीत कर्मचाऱ्याचं नाव नाही. पण कलम ६८ वाचा : कायद्याचं उल्लंघन होत असल्याची तक्रार ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ आली, तरी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण रुग्णालयाची तपासणी आणि चौकशी लावू शकतं. ती व्यक्ती तुम्ही असू शकता. मात्र तुमचा स्वतःचा भाग त्यात उघडा पडणार, म्हणून तक्रारीचा मसुदा वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय पाठवू नका. माझं मत विचाराल तर पाठवा. चौकशी आज ना उद्या होणारच असेल, तर त्यात आरोपी म्हणून ओढलं जाण्यापेक्षा सांगणारा म्हणून गेलेलं बरं.

नोकरीची हमी मी देत नाही. खासगी ठिकाणचा गैरप्रकार उघड करणाऱ्याला सरसकट संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ असं तोंडी सांगितलं, तर ते लेखी मागा, आणि हजेरी, पगार जमा झाल्याच्या नोंदी, ओळखपत्राची प्रत घेऊन सहायक कामगार आयुक्तांकडे जा. तीन वर्षं सलग काम केलेल्या माणसाला ठेकेदार चुटकीसरशी काढू शकतो, हा समज ठेकेदारांनीच पसरवलेला आहे.

राहिली पुढची रात्रपाळी. कुणी अंगावर धावलं तर आधी बाकीच्यांना बाजूला घ्या, लागलं तर धरा. बांधायला सांगितलं तर ‘मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं आहे’ म्हणा, नर्सना त्या फोनवर घ्या आणि डॉक्टरांचं नाव व वेळ त्यांच्याकरवी केस पेपरवर लिहवून घ्या. परवानगी मिळाली नाही तर बांधू नका. मिळाली तर दोघांपैकी एकाने त्या खाटेजवळच थांबायचं, हातापायांचा रंग आणि सूज बघत राहायची, आणि तो शांत झाला की लगेच डॉक्टरांना फोन करून सोडायचं. तेव्हा उरलेले एकतीस जण एकाच्या भरवशावर राहतील. ते जमत नसेल, तर त्याच फोनवर ‘आणखी एक माणूस पाठवा’ असं सांगा, आणि सांगितल्याची वेळही लिहवून घ्या.