टँकर आणि महापालिकेचं मिक्स पाणी येतं, आरओ घ्यावा की यूव्ही?

तुम्ही लिहिलंय की वाघोलीला नवीन फ्लॅट घेतलाय, घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, सोसायटीच्या टाकीत कधी महापालिकेचं तर कधी टँकरचं पाणी पडतं आणि दुकानदार म्हणतो डोळे झाकून आरओ घ्या. दुकानदार दुसरं काय म्हणणार हो, सगळ्यात महाग तेच असतं. थोडक्यात, आरओ बारीक पडद्यातून (मेंब्रेन) पाणी ढकलून त्यातले क्षार काढतो, यूव्ही अतिनील किरणांनी जंतू मारतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. तेव्हा आम्ही कोथरूडला होतो. एक सेल्समन दारात आला, आईने घरात घेतलं. त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं, दोन्हीत कांड्या सोडल्या आणि डबीचा प्लग लावला. मिनिटभरात नळाच्या पाण्यावर हिरवट-तपकिरी साका आला, अगदी गटारासारखा, आणि त्याचं पाणी तसंच नितळ. "अगंबाई, हे पीत होतो आपण?" आई म्हणाली. झालं, मशीन बुक. नंतर कळलं की तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच, लोखंडाची कांडी झिजून त्याचा गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच म्हणून ते ढिम्म. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर त्याचाही काढा झाला असता!

आमचं पाणी खडकवासल्याचं, टीडीएस (म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) शंभरच्या आसपास, ते आम्ही पैसे मोजून पंधरावर आणलं. चव गेली ती गेली, वर एकदा वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडून बघितली तर प्यायचं एक लिटर भरेस्तोवर बादलीत तीन लिटर. पुढे ते मशीन बायकोच्या माहेरी दर्यापूरला नेऊन बसवलं. तो सगळा खारपाणपट्टा, बोअरचा टीडीएस तेराशे, तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी बोटचेपी होत नाही, साबणाला फेस येत नाही. तिथे त्याच मशीनने पैसे वसूल केले.

तर आधी टीडीएस मीटर घ्या, पेनाएवढा असतो, ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतो. महापालिकेचं पाणी आलं त्या दिवशी मोजा, टँकर रिकामा झाला त्या दिवशी मोजा, लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये परत मोजा, कारण उन्हाळ्यात टँकरवाला कुठल्या बोअरचं पाणी आणतो ते त्यालाच माहीत. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा वर्षभर तीनशेच्या आत असेल तर आरओच्या नादी लागू नका, यूव्ही अधिक यूएफवालं (यूएफ म्हणजे अगदी बारीक गाळणी, क्षार मात्र काढत नाही) घ्या, पुष्कळ झालं. टँकरच्या दिवशी सहाशे-आठशे दाखवत असेल तर मात्र आरओ घ्या, पण त्यात यूव्ही पण हवाच. मधलं असेल तर चवीवर जा, आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर किती चढतो ते बघा.

पण मीटर फक्त क्षार सांगतो, जंतू नाही. इथेच लोक फसतात, "आमचा टीडीएस ८० आहे, पाणी एक नंबर". २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेडगाव, किरकटवाडी भागात जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता, बऱ्याच पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. असले जंतू मीटरवर दिसणारच नाहीत. त्यांच्यासाठी यूव्ही किंवा सरळ उकळणं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. यूव्हीलाही पाणी स्वच्छ लागतं, गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू लपून वाचतात, म्हणून त्याच्याआधी गाळ अडवणारा फिल्टर पाहिजेच, आणि ट्यूब जळत असली तरी तिचा जोर हळूहळू कमी होतो, सांगितलेल्या मुदतीत बदलायची.

बाळ आहे म्हणून एक वेगळं. टँकर शेताजवळच्या विहिरीचा किंवा बोअरचा असेल तर खतांमुळे पाण्यात नायट्रेट असू शकतं, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ते तान्ह्या मुलांनाच जास्त बाधतं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. यूव्हीला ते कळतच नाही, आरओने बरंच कमी होतं. त्यामुळे एकदा टँकरच्या पाण्याची लॅबमधून तपासणी करून घ्या, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत विचारा. आणि सर्व्हिसवाला "पाण्याला चव येईल" म्हणून टीडीएसचा स्क्रू फिरवायला लागला तर आधी रिपोर्ट बघा, कारण तो स्क्रू फिरवला की कच्चंच पाणी थोडं आत मिसळतं, म्हणजे नायट्रेट पण आलं.

कॉपर, अल्कलाइन वगैरे स्टिकरसाठी जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. दुकानात मशीनची किंमत विचारायच्या आधी मेंब्रेन, कँडल (गाळ अडवणारा फिल्टर) आणि दुसऱ्या वर्षापासूनचा एएमसी (वर्षाचा देखभाल करार) किती ते विचारा, आणि हा खर्च कागदावर लिहून मागा. आमच्या त्या मशीनचा तीन वर्षांचा एएमसी धरला तर तेवढ्यात दुसरं नवीन मशीन आलं असतं, आणि एवढं करून सर्व्हिसवाला पाच-पाच फोन केल्यावर उगवायचा. आकडे आले की इथेच टाका, मग मॉडेलचं बघू.