शेजारच्या दालनाची माहिती का ऐकू येते?

प्रश्न: आमच्या संग्रहालयात दर दालनात एक ब्लूटूथ बीकन (आपली ओळख सतत प्रसारित करणारं छोटं यंत्र) आहे. तरी फोनवरचं अ‍ॅप मध्येच शेजारच्या दालनाची माहिती सांगू लागतं. बीकन बदलावेत का?

उत्तर: एवढ्यात नको, आधी जागा बघा. अ‍ॅप अंतर मोजत नाही, सिग्नलच्या जोरावरून अंदाज बांधतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषतं. पाहुणा बीकनकडे पाठ करून उभा राहिला की जवळचा सिग्नल पडतो आणि दारातून येणारा शेजारचा वरचढ ठरतो. म्हणून बीकन डोक्यांच्या वर, अडीच ते तीन मीटरवर, दारापासून लांब लावा. लोखंडी कपाटावर तर मुळीच नको.

मग बीकनची पॉवर ० डीबीएमवरून (डीबीएम म्हणजे सिग्नलचा जोर मोजायचं एकक) उणे १२ करून बघा. पूर्ण जोर लावण्याचा मोह बहुतेकांना नडतो. पॉवर बदलली की १ मीटरवरच्या सिग्नलच्या जोराचं माप पुन्हा घेऊन बीकनमध्ये भरा, हे हमखास राहतं. अ‍ॅप बनवणाऱ्यालाही सांगा: दुसऱ्या दालनाचा बीकन सलग ३ सेकंद वरचढ राहिला तरच दालन बदलायचं. बीकनच्या दोन प्रसारणांमधला वेळ ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. १०० केलंत तर बटणसेल लवकर संपतील.